पांढरा रस्सा, उपासाचा शुक्रवार आणि विहीणबाईंचं आमंत्रण

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही कोल्हापूरचे. जोतिबा आमचं कुलदैवत. मागच्या वर्षी जानेवारीत मुलाचं लग्न झालं. सून वसईची, कॅथलिक. मुलगी गुणाची आहे, मराठी तर आमच्यापेक्षा शुद्ध बोलते. दोघांपैकी कोणीच धर्म बदललेला नाही आणि आम्हीही तसा हट्ट धरला नाही.

लग्नानंतर मार्चमध्ये ती पहिल्यांदा चार दिवस राहायला आली. मी हौसेनं तांबडा-पांढरा केला. सकाळी सहाला ह्यांना मटणाच्या दुकानात पिटाळलं. पानावर बसल्यावर पोरगी म्हणते, “आई, आज शुक्रवार आहे. मला नुसता आमटी-भात चालेल.” समोर जाऊबाई बसलेल्या! मला फार लागलं. मग गुड फ्रायडेला ह्यांनी व्याह्यांना व्हॉट्सॲपवर गुलाबाच्या फुलांचं चित्र पाठवलं, वर ‘हॅपी गुड फ्रायडे’. तिकडून नुसते जोडलेले हात आले. संध्याकाळी मुलानं फोन करून ह्यांना चांगलंच फैलावर घेतलं.

यंदा विहीणबाईंनी ईस्टरला बोलावलंय. शनिवारी रात्री चर्चमध्ये आणि रविवारी जेवायला. नेमकी त्याच आठवड्यात चैत्र पौर्णिमा, म्हणजे जोतिबाची यात्रा. डोंगरावरून उतरायचं ते थेट चर्चमध्ये जायचं? जाऊबाई म्हणतात, “जा, बाटून या.” ह्यांचं म्हणणं, चर्चचं टाळून रविवारी थेट जेवायलाच जाऊ. मला काही सुचत नाही. आणि ते अंडी आणि ससा काय प्रकरण आहे? आम्ही अंडी न्यायची का?

— एक सासू, कोल्हापूर

उत्तर

प्रिय सासूबाई,

सही तुम्हीच तशी केलीत म्हणून हे संबोधन. मीही आता सासू आहे, तीही ख्रिस्ती घरातली, तेव्हा बरोबरीच्या नात्यानं लिहिते.

तुम्ही चर्चचं विचारलंत, अंड्यांचं विचारलंत, पण पत्र दोनदा वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की ठसठसतंय ते मटण. तेव्हा आधी पांढऱ्या रश्श्याचं बघू.

तो शुक्रवार उपवासकाळातला होता. ईस्टरच्या आधी कॅथलिकांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. मागच्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, तो ५ मार्चला सुरू झाला, यंदा १८ फेब्रुवारीला. पहिला दिवस राखेचा बुधवार. त्या दिवशी फादर कपाळाला राख लावतात आणि आठवण करून देतात की बाबा, तू माती आहेस आणि मातीलाच मिळणार आहेस. ही राख कुठून येते ठाऊक आहे? ईस्टरच्या आधीच्या रविवारी, झावळ्यांच्या रविवारी, लोक आशीर्वादित झावळ्या घरी नेतात आणि वर्षभर क्रुसाच्या मागे खोचून ठेवतात. पुढच्या वर्षी त्याच वाळक्या झावळ्या जाळून राख होते. (कॅलेंडर घेऊन मोजायला बसलात तर दिवस शेहेचाळीस भरतील. मधले सहा रविवार उपासात धरत नाहीत.) येशूनं रानात चाळीस दिवस उपास केला, त्याची ही आठवण. या दिवसांत कोणी दारू सोडतं, कोणी सिगारेट, कोणी गोड. वाचलेले पैसे गरिबांसाठी बाजूला काढायचे. घरात लग्नकार्य धरत नाहीत. बाकी दिवशी काय पाळायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं, पण राखेच्या बुधवारी आणि शुक्रवारी मांस नाही म्हणजे नाही. मासे चालतात. तुम्ही त्या दिवशी सुरमई तळली असतीत तर सून दोनदा भात मागून जेवली असती.

आता असं समजा, श्रावणातल्या सोमवारी तुम्ही वसईला गेलात. विहीणबाईंनी पहाटे उठून तुमच्यासाठी कोंबडी केली आणि हौसेनं पानात वाढली. तुम्ही काय केलं असतंत? “मला आमटी-भात चालेल” हेच म्हणाला असतात ना? आणि विहीणबाईंची जाऊ समोर बसली असती तर त्यांनाही लागलंच असतं.

पोरीनं पानावर बसेपर्यंत तोंड उघडलं नाही, हे तिचं चुकलं. पण नवी सून, सकाळपासून घरभर खोबऱ्या-खसखशीचा वास, सासूची लगबग. कुठल्या तोंडानं सांगणार बिचारी? माझ्या मते खरा अपराधी तुमचा मुलगा. त्याला शुक्रवार ठाऊक होता, आईचा बेतही ठाऊक होता आणि तो गप्प बसला. यंदा झापायची पाळी तुमची.

ह्यांच्या गुलाबांकडे वळते.

गुड फ्रायडे म्हणजे येशूला क्रुसावर खिळून मारलं तो दिवस. मग त्यात ‘गुड’ काय, हा प्रश्न मला आजवर किती जणांनी विचारला असेल त्याची गणती नाही. इंग्रजीत त्या शब्दाचा जुना अर्थ ‘पवित्र’ असाही होता, तो त्या नावात अडकून राहिला. जर्मन लोक त्याच दिवसाला शोकाचा शुक्रवार म्हणतात. मराठीत कोणी शुभ शुक्रवार म्हणतं, कोणी उत्तम शुक्रवार. त्याच्या मरणानं आमचं भलं झालं ही श्रद्धा, म्हणून शुभ. पण दिवस पाळतात तो दुखवट्याचाच. गुरुवारी रात्रीपासून चर्चची घंटा मुकी होते. घंटेच्या जागी लाकडाच्या फळ्या एकमेकींवर आपटून आवाज करतात, कोरडा, खट्-खट् असा. वेदीवरची चादर, फुलं, मेणबत्त्या सगळं काढून टाकतात. कितीतरी चर्चमध्ये मूर्तींवर जांभळं कापड घातलेलं असतं. एरवी रोज होणारी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, त्या दिवशी जगातल्या एकाही कॅथलिक चर्चमध्ये होत नाही. दुपारी तीनच्या सुमारास प्रार्थना होते, येशूच्या दुःखसहनाची कथा वाचतात आणि माणसं एकामागून एक येऊन क्रुसाला नमन करतात. अशा घरी गुलाबाची फुलं गेली, तिथे जोडलेल्या हातांपलीकडे ते बिचारे काय पाठवणार?

हे मनाला फार लावून घेऊ नका. ख्रिस्ती माणसाला दरवर्षी असे दोन-चार ‘हॅपी गुड फ्रायडे’ येतातच, आणि आमच्यातली अर्धी मंडळी ते वाचून हसून सोडून देतात. यंदा त्या दिवशी काहीच पाठवू नका, किंवा ‘आज तुमची आठवण आहे’ इतकंच लिहा. शुभेच्छा रविवारसाठी राखून ठेवा.

मी मूळची नगरची. आमचं घर अमेरिकन मराठी मिशनच्या, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या मिशनऱ्यांच्या, वळणातलं. ती मंडळी १८३१ मध्ये नगरला आली आणि आमच्या पूर्वजांना बहुधा त्यांच्या पहिल्या-दुसऱ्या पिढीतच भेटली. म्हणजे मी प्रॉटेस्टंट. आमच्यात उपवासकाळाचा इतका कडकपणा नव्हता, पण गुड फ्रायडेची दुपार चुकत नसे. बारा ते तीन. क्रुसावरून येशू सात वाक्यं बोलला असं शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांत, आहे, त्या प्रत्येक उद्गारावर एक प्रवचन. सात उद्गार, सात प्रवचनं, एप्रिलचं नगर, डोक्यावर पत्रा. मी नऊ-दहा वर्षांची, हातात पुठ्ठ्याचा पंखा. पाचवा उद्गार आहे ‘मला तहान लागली आहे’. तो यायला दोन वाजायचे आणि तोवर माझ्या घशाला खरोखरच कोरड पडलेली असायची. आईच्या पिशवीत पाण्याची बाटली असे, ती मला दिसत असे. एका वर्षी मी हात घातला तर तिनं पिशवीचं तोंड मुठीत धरलं आणि म्हणाली, “तीनपर्यंत थांब.” मला असा राग आला होता म्हणून सांगू! सात उद्गारांपैकी बाकीचे मला अजून क्रमानं सांगता येत नाहीत, पाचवा मात्र विसरता विसरत नाही.

लग्न होऊन वसईत आले ती कॅथलिक घरात, १९८६ साली. तुम्हाला वाटत असेल, ख्रिस्त्यातून ख्रिस्त्यात, हिला काय अवघड? तसं नसतं. आमच्या नगरला टाळ-मृदंगावर अभंगाच्या चालीची भजनं, आणि ईस्टरला पहाटे अंधारातच कब्रस्तानात जाऊन सूर्य उगवेपर्यंत उपासना. इथे मूर्ती, धूप, मिस्सा, रोझरीची जपमाळ. पहिल्या वर्षी मी चर्चमध्ये कधी उभं राहायचं, कधी गुडघ्यावर बसायचं हे शेजारणीकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघून करत असे. तेव्हा परकेपणानं चर्चच्या बाकावर बसणं म्हणजे काय, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

म्हणून सांगते, ह्यांचं ऐकू नका. शनिवारी रात्री जा. नुसतं रविवारी जेवायला जाणं म्हणजे एकादशी न करता द्वादशीचं पारणं सोडण्यासारखं आहे. पोट भरेल, पण माणसं एवढी का आनंदली आहेत ते कळणार नाही.

माझी पहिली शनिवारची रात्र सांगते, म्हणजे तुम्हाला कशाची तयारी ठेवायची त्याचा अंदाज येईल. साडेदहाला आम्ही चर्चच्या अंगणात उभे. आधी आतले दिवे गेले, मग अंगणातले. मला वाटलं, वीज गेली. सासूबाई कुजबुजल्या, “गेली नाही, घालवलीय.” एवढी माणसं, आणि चिडीचूप अंधार. मग कोपऱ्यात एक लहानशी शेकोटी पेटली. फादरांनी तिला आशीर्वाद दिला आणि त्या विस्तवावर एक भली मोठी, माझ्या खांद्याला लागेल एवढी मेणबत्ती पेटवली. तिच्यावर क्रूस कोरलेला असतो, ग्रीक बाराखडीचं पहिलं आणि शेवटचं अक्षर असतं, चालू वर्षाचे चार आकडे असतात आणि येशूच्या पाच जखमांसाठी पाच ठिकाणी धूप खोचलेला असतो. तिला पास्काची मेणबत्ती म्हणतात. ती उंच धरून सगळे काळोख्या चर्चमध्ये शिरले. वाटेत तीनदा थांबून गायचं, ‘ख्रिस्ताचा प्रकाश’, आणि लोकांनी म्हणायचं, ‘देवाला धन्यवाद’. त्या एका ज्योतीवरून पुढच्यांनी आपल्या हातातल्या मेणबत्त्या लावल्या, त्यांनी मागच्यांच्या. उजेड बाकाबाकानं मागे सरकत आमच्यापर्यंत आला. सासूबाईंनी माझ्या मेणबत्तीला जुन्या कॅलेंडरच्या पानाची गोल चकती खोचून दिली होती, मेण हातावर ओघळू नये म्हणून. तरी ओघळलंच. अंगठ्यावर पडलेला तो थेंब मी रात्रभर नखानं खरवडत बसले होते.

मग वाचनं. ही लांबतात, आधीच सांगून ठेवते. जगाच्या उत्पत्तीपासून सुरुवात होते. तांबडा समुद्र दुभंगून मोशेनं इस्राएली लोकांना गुलामगिरीतून बाहेर नेलं ती गोष्ट तर टळतच नाही. इथे डुलकी येईल. मलाही आली होती. पण त्यानंतर गौरवगीत सुरू होतं आणि दोन दिवस मुक्या असलेल्या घंटा एकदम वाजायला लागतात. मोठी घंटा, छोट्या घंटा, मुलांच्या हातातल्या घंटा. दिवे लागतात. चाळीस दिवस तोंडातून न काढलेला ‘आलेलुया’ हा शब्द त्या रात्री परत येतो, उपवासकाळात तो म्हणतच नाहीत. मी दचकून शेजारच्या बाईचा हात धरला होता. ती अनोळखी बाई पुढे माझी मैत्रीण झाली, पण ते राहू दे.

मिस्सा मराठीत असते, त्यामुळे तुम्हाला शब्द कळतील. १९६२ ते ६५ या काळात व्हॅटिकनमध्ये जी मोठी धर्मसभा भरली, तिच्यानंतर लॅटिन मागे पडून लोकभाषा आली. तोवर आमच्या सासूबाईही न कळणाऱ्या भाषेतच आमेन म्हणत असत.

तिथे तीन गोष्टी घडतील, त्या आधीच समजून घ्या, म्हणजे जाऊबाईंनी घातलेली भीती वर यायची नाही.

एक म्हणजे पाणी. त्या रात्री पाण्याला आशीर्वाद देतात, बाप्तिस्म्याच्या वचनांची उजळणी होते आणि मग फादर सगळ्यांवर ते पाणी शिंपडत फिरतात. तुमच्या अंगावरही चार थेंब येतील. तो बाप्तिस्मा नव्हे! मोठ्या माणसाला ख्रिस्ती व्हायचं असेल तर कितीतरी महिने शिकवण घ्यावी लागते, स्वतःच्या तोंडानं मागावं लागतं, तेव्हा कुठे बाप्तिस्मा मिळतो. चुकून, नकळत, पाहुणा म्हणून गेल्यामुळे कोणी बाटत नाही. लोक बाटल्या भरून ते पाणी घरी नेतात, विहीणबाईही नेतील.

उजळणीच्या वेळी फादर प्रश्न विचारतात आणि लोक एका सुरात उत्तर देतात, ‘होय, आमचा विश्वास आहे.’ तुमचा नसेल तर गप्प उभ्या राहा. तोंडदेखलं म्हणू नका. कोणी वळून बघत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण चांगल्या मनाची माणसं तिथेच चुकतात. शेवटी लोक रांगेनं पुढे जातात आणि फादर प्रत्येकाला भाकरीची पांढरी पातळ चकती देतात. आपल्याला वळण असं की प्रसाद नाकारू नये. त्यामुळे हात आपसूक पुढे होतो. तो करू नका. कॅथलिकांच्या श्रद्धेनं ते साक्षात ख्रिस्ताचं शरीर आहे आणि ते त्यांच्या पंथातल्या, तयारी केलेल्या माणसांनीच घ्यायचं असतं. मी ख्रिस्ती असूनही, प्रॉटेस्टंट म्हणून, मला ते चालत नव्हतं. त्या पहिल्या रात्री सगळे उठले तशी मीही उठले, तर सासूबाईंनी माझं मनगट हलकेच धरून खाली बसवलं. तेव्हा थोडा अपमान वाटला. नंतर त्या घरी जाताना म्हणाल्या, “तुला नको म्हटलं नाही गं, तुझ्या जागी तुला बसवलं.” (पुढे मी काय केलं तो वेगळा विषय आहे आणि त्यावर माझ्या माहेरी अजून मतभेद आहेत.) तुम्ही दोघं बाकावर बसून राहा. माणसांना जायला वाट द्यावी लागेल, तेवढे गुडघे बाजूला घ्या.

आता जोतिबाचं. एकाच आठवड्यात डोंगर आणि चर्च कसं, असं तुम्हाला वाटतंय. ते तसे एकत्र येतात याला कारण आहे. येशूला क्रुसावर दिलं ते यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या दिवसांत, आणि वल्हांडण हा पौर्णिमेचा सण. इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटका झाली त्याची आठवण म्हणून बेखमीर, म्हणजे न आंबवलेली, भाकर खाऊन पाळायचा. इ. स. ३२५ मध्ये आजच्या तुर्कस्तानातल्या निकाया इथे धर्मसभा भरली, तिथे सगळ्यांनी एकाच रविवारी ईस्टर पाळायचं ठरलं. तेव्हापासूनचा ढोबळ हिशेब असा: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्यानंतरचा रविवार घ्यायचा. म्हणून ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांमध्ये कुठेही येतो. नाताळसारखी तारीख ठरलेली नाही, आपल्या तिथीसारखी सरकते. २०२४ मध्ये ती पौर्णिमा होळीची निघाली, ईस्टर ३१ मार्चला आला. यंदा चैत्र पौर्णिमा २ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला. ज्या चंद्राखाली तुमच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात, त्याच चंद्राखाली, पकडला गेला त्या रात्री, येशू गेथशेमाने नावाच्या बागेत जागून प्रार्थना करत होता. यावरून सगळे देव एकच वगैरे सिद्ध करायला मी बसलेले नाही. तुमच्या घरात तो चंद्र आधीपासून होता, एवढंच म्हणते. फक्त गुलालानं माखलेले कपडे वसईच्या पिशवीत घालू नका.

रविवारच्या मागे काय गोष्ट आहे तीही ऐका, कारण जेवताना कोणी सांगत नाही. ख्रिस्ती माणसासाठी ईस्टर नाताळपेक्षा मोठा. येशू मेला आणि तिसऱ्या दिवशी जिवंत झाला हे खोटं असेल तर आमचा सगळा विश्वासच फुकट, असं संत पौलानं पत्रात स्पष्ट लिहून ठेवलंय. चारही शुभवर्तमानांत कबरीपाशी आधी बायका पोचतात. योहानाच्या शुभवर्तमानात तर मरिया मग्दालिया एकटी रडत उभी आहे. कबर रिकामी, प्रेत कोणी नेलं कळत नाही. मागे कोणीतरी उभं आहे. तिला वाटतं, बागेचा माळी असेल. ती त्यालाच म्हणते, तुम्ही नेलं असेल तर कुठे ठेवलंत ते सांगा, मी घेऊन जाते. तो फक्त तिला नावानं हाक मारतो, “मरिये!” आणि ती ओळखते. मला बायबलमधल्या मोठमोठ्या चमत्कारांपेक्षा हा माळी समजण्याचा गोंधळ जास्त खरा वाटतो. रडून डोळे सुजलेल्या बाईला माणूस ओळखू येत नाही, हे कोणा बाईला वेगळं सांगायला नको. तुम्हाला हे पटलंच पाहिजे असं काही नाही. पण सून कशावर विश्वास ठेवते हे सासूला माहीत असलेलं बरं.

अंडी आणि ससा. हे प्रकरण बरंचसं युरोपातलं आणि आता मॉलमधलं. जुन्या काळी तिकडे उपवासकाळात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. कोंबड्यांना काही उपास कळत नाही, त्या घालतच राहायच्या. ईस्टरपर्यंत टोपल्या भरायच्या आणि मग ती उकडून, रंगवून वाटायची. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड, त्याच्या १२९० सालच्या हिशेबात ४५० अंड्यांसाठी १८ पेनी खर्च टाकलेला आहे. पूर्वेकडचे ख्रिस्ती अंडी लाल रंगवतात, येशूच्या रक्ताचा रंग म्हणून. बंद कवचातून जीव बाहेर येतो तसा तो कबरीतून आला, असा अर्थ त्याला जोडतात. ससा जर्मनांचा. अंडी आणून लपवणाऱ्या या सशाचा लेखी उल्लेख १६८२ सालचा सापडतो, पुढे तिकडून स्थलांतर केलेल्यांनी तो अमेरिकेत नेला. ब्रिटनमधलं पहिलं चॉकलेटचं अंडं ब्रिस्टलच्या एका कंपनीनं १८७३ मध्ये काढलं आणि मग दुकानदारांनी सशाला काही सोडलं नाही. वसई-मुंबईत आणि गोव्यात आम्ही बदाम किंवा काजू वाटून साखरेत घोटलेल्या मार्झिपानची अंडी करतो, साच्यात घालून, वर आयसिंगची फुलं. नातवंडं असतील तर त्यांना मजा. सश्याचा वसईशी माझ्या माहितीत काडीचा संबंध नाही. तेव्हा कोल्हापूरहून अंडी न्यायची गरज नाही, आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये ती फुटतील ते वेगळंच.

न्यायचंच तर गुळाची ढेप न्या, आणि घरची कांदा-लसूण चटणी. विहीणबाईही या उन्हाळ्यात बाटली मसाल्याच्या मागे असतील. तो मसाला कांडून खरोखरच बाटल्यांत ठासून भरतात. बाटलीच्या बदल्यात चटणीची बरणी, याच्याइतका सुरेख देवघेवीचा व्यवहार दुसरा नाही. चार कैऱ्या मिळाल्या तर चैत्रगौरीची आंब्याची डाळ तिथे करून घाला. सणाच्या घरात हात लावू देतात, दिखाऊ पाहुण्यापेक्षा डाळ वाटणारी विहीण त्यांना जास्त आवडेल.

जेवणाचं मात्र आधी फोनवर बोलून घ्या. ईस्टरला पुष्कळ घरी सोरपोतेल असतं, म्हणजे डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण, त्याबरोबर फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे. तुम्ही खात नसाल तर बिनधास्त सांगा. “आम्हाला पोर्क चालत नाही, कोंबडी चालते,” एवढं एक वाक्य पुरतं. पानावर बसल्यावर सांगू नका. पानावर बसल्यावर कळलं की काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

शुभेच्छा कधी द्यायच्या? शनिवारी दिवसभर नाही. त्या दिवशी चर्चही रिकामं, घरंही शांत असतात. रात्री घंटा वाजून मिस्सा संपली आणि लोक अंगणात एकमेकांना मिठ्या मारू लागले की ह्यांनी पुढे होऊन व्याह्यांना म्हणावं, “ईस्टरच्या शुभेच्छा.” मागच्या वर्षीच्या गुलाबांचा विषय ह्यांनीच हसत काढला तर उत्तम. व्याही तो काढणार नाहीत, पण वाट बघत असतील.

जाऊबाईंना काय सांगायचं? निघताना काही नको. परत आल्यावर रात्री किती वाजता घरी आलात, वाचनं किती लांबली, कुठल्या वाचनाला ह्यांचं घोरणं ऐकू आलं, हे सांगा. आणि सुनेला म्हणावं, मला आगाशीकडची सुकेळी बघून दे. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, मधासारखी लागतात. हल्ली थोड्याच घरी करतात, पण तिला ठाऊक असेल. मिळाली तर दोन पुड्या घ्या, एक जाऊबाईंची.

तुमची,
सल्लागार ताई